स्पोर्ट्स कारच्या बॉडीचा पीळ कमी करताना: ब्रेस निवडण्यापासून टॉर्क तपासण्यापर्यंत

बॉडी पिळू नये म्हणून तिला जोडायच्या जादा नळी-पट्टीला ब्रेस म्हणतात. बोनेट उघडलं की दिसणारा चकचकीत स्ट्रट बार, म्हणजे पुढच्या दोन स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या खांबांची) डोकी जोडणारा ब्रेस, नाद खुळा दिसतो, म्हणून सगळ्यात आधी तोच विकत घेतला जातो. बॉडीचा ताठपणा वाढवायच्या कामात मात्र बऱ्याच गाड्यांत त्याचा नंबर तिसरा-चौथा लागतो. खरं काम गाडीच्या पोटाखाली असतं आणि तिथंही नळीपेक्षा नळीची दोन टोकं महत्त्वाची. बार कितीही जाड घ्या, त्याचं टोक पातळ पत्र्याला एका बोल्टवर लटकत असेल तर तो फक्त वजन वाढवतो.

पीळ कुठून येतो ते आधी पाहू. एक पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि तिरपं समोरचं मागचं चाक उंचवट्यावर असलं, की बॉडी पिळली जाते. बंद गाडीत फरशी, दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालचे उंबरे), खांब आणि छप्पर मिळून एक डबा तयार होतो आणि तो पिळाला विरोध करतो. छप्पर काढलं की ही जबाबदारी सिल आणि मधल्या बोगद्यावर येते. म्हणून मिनी कन्व्हर्टिबल, बीएमडब्ल्यू झेड४ किंवा पोर्शे बॉक्स्टर अशा उघड्या गाड्या बनवताना कंपन्या खालून जादा पट्ट्या आणि प्लेटा टाकतात. ताठपणा न्यूटन मीटर प्रति अंश या मापात, म्हणजे बॉडी एक अंश पिळायला किती जोर लागतो त्यात सांगतात. आजच्या चांगल्या बंद सेडानचा आकडा २०,००० च्या पुढे असतो, जुन्या उघड्या गाड्यांचा त्याच्या पाव हिश्श्यापर्यंत खाली येतो. बॉडी पिळते तेव्हा ती स्वतःच एक स्प्रिंग होते आणि या स्प्रिंगला शॉकॲब्सॉर्बर नसतो. स्टिअरिंग फिरवल्यावर क्षणभर उशिरा येणारा प्रतिसाद, खराब रस्त्यावर डॅशबोर्डची कुरकुर, उघड्या गाडीत समोरच्या काचेची थरथर, ही सगळी त्याचीच लक्षणं.

आधी ढिलं काय आहे ते शोधा

यातली निम्मी लक्षणं झिजलेल्या रबरामुळेही येतात. कोल्हापूरच्या आसपास फिरणाऱ्या गाडीचे लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश आणि स्ट्रटचे वरचे माउंट लवकर जातात, कारण स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच, म्हणजे गाडी अलगद चढून उतरावी असा हवा. गावोगावी रातोरात उभ्या राहणाऱ्या डांबरी उंचवट्यांनी हे मार्गदर्शन वाचलेलं नसतं.

म्हणून ब्रेसला हात लावण्यापूर्वी गाडी रॅम्पवर घ्या. पहारीनं लोअर आर्म हलवून बुशच्या रबराला चीर आहे का पाहा. एकानं स्टिअरिंग हलवावं आणि दुसऱ्यानं स्ट्रटच्या डोक्यावर हात ठेवावा. टकटक लागली तर माउंट बदला. सबफ्रेमचे (आर्म धरणाऱ्या खालच्या चौकटीचे) बोल्ट टॉर्क पान्यानं, म्हणजे किती आवळलं ते मोजणाऱ्या पान्यानं तपासा. सबफ्रेम किंचित सरकली असेल तर बोल्टच्या डोक्याभोवती घासल्याची चकचकीत चंद्रकोर दिसते. इंजिन माउंट बसले असतील तर तेही आधीच बदला, कारण पुढं ब्रेस आणि इंजिन यांच्यातलं अंतर त्यावरच ठरणार आहे.

सेकंडहँड घेतलेल्या गाडीत आणखी एक तपासणी टाळू नका. पोटाखाली पुढच्या आणि मागच्या सबफ्रेमच्या बोल्टांमधले दोन्ही कर्ण टेपनं मोजा. फरक ३ मिमीच्या वर गेला तर गाडी कधीतरी जोरात धडकून ओढून सरळ केलेली असण्याची शक्यता आहे. अशा बॉडीवर विकतचा ब्रेस बसत नाही. तो जबरदस्तीनं ओढून बसवला की बॉडीत कायमचा ताण राहतो आणि काही महिन्यांत भोकांच्या कडेनं पत्रा चिरतो.

मोजमाप घेऊन ठेवा

"घट्ट वाटतंय" हा पुरावा नव्हे. पैसे खर्च झाल्यावर सगळ्यांनाच गाडी घट्ट वाटते. मोजायला फार काही लागत नाही: मॅग्नेटिक स्टँडसकट एक डायल गेज आणि एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कोणत्याही टूलरूमवाल्याकडं डायल गेज असतोच, दिवसभरासाठी मागून आणता येईल.

गाडी सपाट काँक्रीटवर उभी करा, चारही टायरची हवा सारखी करा. ड्रायव्हरचं दार उघडा. पुढच्या खांबाच्या खालच्या बिजागरीचा बोल्ट आणि मागच्या खांबावरचा दाराचा स्ट्रायकर, या दोन ठिकाणी नळ्या टेकवून त्यांच्या सरकत्या टोकावर गेज शून्य करा. आता पुढच्या डाव्या जॅकिंग पॉइंटला जॅक लावून चाक जमिनीपासून जेमतेम सुटेपर्यंत उचला. टायरखालून कागद सरकला की थांबायचं. वाचन लिहा, गाडी खाली घ्या, काटा शून्यावर परत येतो का पाहा. असं तीनदा करा, मग उजव्या बाजूनं पुन्हा. काटा शून्यावर परत येत नसेल तर कुठलातरी सांधा घसरतोय आणि ब्रेस घेण्याआधी तो शोधायला हवा. याच पद्धतीनं दोन स्ट्रट टॉवरमधलं (स्ट्रटची डोकी बसतात त्या बॉडीच्या भागांमधलं) अंतरही मोजा, एकदा गाडी चाकांवर असताना आणि एकदा दोन्ही पुढची चाकं हवेत असताना. टॉवरमध्ये काट्याची हालचालच नगण्य असेल तर तुमच्या गाडीला वरचा बार शोभेपुरताच आहे. गाडी फक्त जॅकवर असताना तिच्याखाली शिरू नका, स्टँड लावल्याशिवाय नाहीच नाही.

सरळ नळी, वाकडी नळी

हा हिशेब एकदा समजला की बाजारातले निम्मे बार आपोआप गळतात. २५.४ मिमी व्यासाची, २ मिमी जाडीची, १ मीटर लांब पोलादी नळी घ्या. तिला ओढून १ मिमीनं लांबवायला साधारण ३ टन जोर लागतो. आता हीच नळी इंजिनच्या कव्हरवरून नेण्यासाठी कमानीसारखी वाकवा, मधोमध ८० मिमी उचललेली. टोकं बिजागरीसारखी फिरू शकत असतील तर तेवढीच १ मिमी हालचाल व्हायला आता फक्त ६० किलोच्या आसपास जोर पुरतो. ताठपणा पन्नासपट घटला. सरळ नळी ओढली किंवा दाबली जाते, वाकडी नळी वाकते, आणि नळी वाकवणं सोपं असतं.

बार वाकवल्याशिवाय जातच नसेल तर दोन मार्ग आहेत: मोठ्या व्यासाची नळी घ्या किंवा तीन टोकांचा त्रिकोणी ब्रेस घ्या, ज्याचं तिसरं टोक फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) जाड भागाला जातं. त्रिकोण आकार बदलत नाही, चौकोन बदलतो. पोटाखालीसुद्धा दोन समांतर पट्ट्यांपेक्षा एक्स किंवा व्ही आकार सरस ठरतो तो यामुळेच.

दुसरा गैरसमज धातूबद्दल. "हाय टेन्साइल" पोलाद साध्या पोलादापेक्षा जास्त ताठ नसतं. दोन्हींचा लवचिकतेचा गुणांक २०० ते २१० गिगापास्कल, फरक फक्त तुटण्याच्या मर्यादेत. ॲल्युमिनियमचा गुणांक ७० च्या आसपास, म्हणजे त्याच मापाचा बार एक तृतीयांश ताठ. तेवढाच ताठपणा हवा तर तिप्पट धातू घालावा लागतो आणि सरळ ओढीच्या कामात वजन पुन्हा जवळपास तेवढंच होतं. ॲल्युमिनियमचा फायदा गंज न लागणं आणि जाड भाग सुबक कापता येणं इतकाच धरा.

तिसरी गोष्ट सांध्याची. ८.८ ग्रेडचा एम१० (१० मिमी व्यासाचा) बोल्ट ५० न्यूटन मीटरला आवळला की साधारण २५ किलोन्यूटनची पकड मिळते. पत्र्यावर पत्रा घसरू न देण्याची त्याची ताकद मात्र त्याच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३.७ किलोन्यूटन. भोक बोल्टपेक्षा अर्धा-एक मिमी मोठं असतंच. जोर या मर्यादेपलीकडं गेला की ब्रॅकेट तेवढं सरकतं आणि "टक्" असा आवाज येतो. नवीन ब्रेस बसवल्यावर घाटात वळणावर येणारा आवाज बहुतेक वेळा हाच. म्हणून प्रत्येक टोकाला निदान दोन बोल्ट हवेत आणि मधे जाड पावडर कोटिंग नको. पावडरचा ६० ते १०० मायक्रॉनचा थर दाबाखाली हळूहळू चेपतो आणि टॉर्क उतरतो. कोटिंग करून घेताना जोडाच्या जागी टेप लावायला सांगा. नायलॉनचे वायसर इथं वापरू नका, तेही चेपतात.

कोणता ब्रेस आधी

बंद छपराच्या, पुढं मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत, उदाहरणार्थ पोलो जीटी किंवा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, आमचा क्रम असा: आधी पुढच्या लोअर आर्मच्या बैठकींना जोडणारा खालचा ब्रेस, मग सबफ्रेम आणि बॉडीमधले कॉलर, मग मागची बाजू, आणि शेवटी वरचा स्ट्रट बार. कारण साधं आहे. वळणावर टायरचा आडवा जोर मुख्यतः लोअर आर्ममधून सबफ्रेममध्ये जातो, स्ट्रटच्या डोक्यावर त्यातला छोटा हिस्सा येतो. डबल विशबोन (चाकाला वर-खाली दोन आर्म) असलेल्या गाडीत तर वरच्या बारचं काम आणखी कमी. टॉवर फायरवॉलपासून लांब, एकटे उभे असतील तिथं मात्र वरचा बार खरंच उपयोगी पडतो. मोजमापात ते कळलेलं असेलच.

सबफ्रेमचे कॉलर ही दुर्लक्षित चीज आहे. सबफ्रेमचं भोक बोल्टपेक्षा मोठं असतं, कॉलर त्या फटीत उतारासारखे शिरून ती मधोमध बसवतात. दिसत काहीच नाही, पण स्टिअरिंगची सुरुवातीची हालचाल नेमकी होते. बसवताना सबफ्रेमला मधोमध जॅकचा आधार द्या, एका वेळी एकच बोल्ट काढा, कॉलरला तांब्याचं ग्रीस लावा आणि नंतर अलाइनमेंट करा. कंपनी ज्या बोल्टांना टॉर्क आणि पुढं अंश सांगते ते ताणून बसणारे असतात, ते नवेच घ्या. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या सबफ्रेमखाली ॲल्युमिनियमची स्टिफनिंग प्लेट कंपनीचीच असते. ऑइल बदलताना ती काढून "नंतर लावू" म्हणत कोपऱ्यात टेकवून ठेवलेली गाडी विकत घेतली असेल, तर ब्रेसचा विचार नंतर. आधी ती प्लेट परत लावा.

मागच्या बाजूला बेतानं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा भाग एकदम ताठ केला की वळणात मागचा टोक लवकर सुटायला लागतो. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग ट्रॅकवर कोरड्या डांबरावर ही गंमत वाटेल, जुलैमधल्या ओल्या करूळ घाटात वाटणार नाही. एका वेळी एकच बदल करा आणि टायरच्या हवेत त्याच वेळी फेरफार करू नका, नाहीतर कशामुळं काय झालं ते कळणार नाही.

स्ट्रट बार बसवताना

गाडी चारही चाकांवर, सपाट जमिनीवर हवी. चाकं लटकत असताना वरच्या तिन्ही नटा काढल्या तर स्ट्रट खाली निसटतो. हे सांगायला नको, पण घडतं.

१. नटा काढण्यापूर्वी माउंटच्या कडेनं पत्र्यावर पांढऱ्या पेननं रेघ मारा. माउंटच्या भोकांत थोडी मोकळीक असते आणि त्यामुळं कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो. नंतर रेघेवर रेघ जुळवायची.

२. शाडूच्या लिंबाएवढ्या गोळ्या करून बारवर इंजिनच्या आणि बोनेटच्या बाजूला चिकटवा. बार सैल टेकवून बोनेट अलगद बंद करा आणि उघडा. गोळी १० मिमीपेक्षा पातळ झाली तर तिथं पुढं धडकणार. इंजिनसाठी २० मिमी सोडा, कारण गिअर टाकून क्लच सोडताना ते माउंटवर मागं-पुढं झुलतं. बोनेट आणि इंजिनमधली मोकळी जागा पादचाऱ्याच्या डोक्याला मार कमी बसावा म्हणूनही ठेवलेली असते, ती ताठ बारनं भरू नका.

३. आटे मोजा. ब्रॅकेटची ४ ते ५ मिमी जाडी वाढली की नट वर सरकते. नट आवळल्यावर निदान दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर पातळ ब्रॅकेट घ्या किंवा लांब स्टड टाका. नट चार आट्यांवर अडकवून "बसली की" म्हणणं धोक्याचं आहे.

४. आधी एका बाजूच्या नटा हातानं, मग दुसऱ्या बाजूच्या, मग दोन्ही बाजू थोड्या थोड्या. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलप्रमाणं. मॅन्युअलमध्ये सापडला नाही तर ८.८ ग्रेडसाठी एम८ ला २५ आणि एम१० ला ५० न्यूटन मीटर हे नेहमीचे आकडे. त्यापलीकडं जोर लावू नका, स्टड माउंटमध्ये फिरायला लागला तर पूर्ण स्ट्रट उतरवावा लागतो.

५. लांबी कमी-जास्त करता येणारा बार असेल तर तो हातानं फिरवून फट संपेपर्यंतच आणा आणि लॉकनट लावा. पाना लावून टॉवर बाहेर ढकलण्याची शिफारस कुठं कुठं ऐकू येते, ती ऐकू नका. तसं केल्यानं ताठपणा वाढत नाही, टॉवरच्या पत्र्यावर मात्र कायमचा ताण बसतो.

पोटाखालचा ब्रेस

इथं सगळ्यात मोठी चूक लिफ्टवर होते. टू-पोस्ट लिफ्टवर गाडी मधून उचलली जाते, पुढचा-मागचा भाग किंचित लटकतो. उघड्या गाडीत हे इतकं असतं की दार नीट लागत नाही. अशा अवस्थेत ब्रेस आवळला की तो वाकलेली बॉडी तशीच धरून ठेवतो. गाडी चाकांवर उभी राहील अशी रॅम्प हवी, म्हणजे चार खांबांची अलाइनमेंट लिफ्ट किंवा वॉशिंगची उतरती रॅम्प. टू-पोस्टशिवाय इलाजच नसेल तर बोल्ट हातानं लावा, गाडी खाली घेऊन चार पावलं पुढं-मागं ढकला आणि मग जमिनीवर टॉर्क द्या.

एक्झॉस्टपासून २० मिमी, ड्राइव्हशाफ्टपासून २० मिमी अंतर सोडा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहा. जमिनीपासूनचं अंतर चार माणसं बसवून, टाकी भरून मोजा. सगळ्यात खालचा बिंदू १२० मिमीच्या आत येत असेल तर तो ब्रेस कोल्हापुरात चालवायच्या गाडीसाठी नाही. तो स्पीडब्रेकरवर आपटेल, आणि ब्रेस वाकला तर ठीक, पण ताठ ब्रेस वाकत नाही, तो त्याच्या टोकाचा पत्रा उपटतो. ब्रेसच्या पुढच्या कडेला बोल्टचं डोकं उभं राहू देऊ नका, बटनहेड किंवा खोलगट बैठक वापरा.

उसाच्या हंगामात आणखी एक खास इथली अडचण. ट्रॉलीतून पडलेलं पाचट रस्त्यावर पसरतं आणि ते ब्रेस आणि एक्झॉस्टच्या मधल्या फटीत गुंडाळून बसतं. सुकलेलं पाचट गरम एक्झॉस्टला टेकलं की धूर, पुढं आग. नोव्हेंबर ते मार्च दर आठवड्याला खाली वाकून पाहा.

उद्यमनगरात बनवून घ्यायचा असेल तर

ज्या शहरात फाउंड्री आणि लेथ शेजारी शेजारी चालतात, तिथं ब्रेस आयात करायची गरज प्रत्येक वेळी नसते. मात्र वेल्डरला "गाडीखाली एक पट्टी मार" असं सांगून काम होत नाही.

नळी मोटारीच्या कामासाठीची, आयएस ३०७४ ची मागा. पलंगाच्या किंवा ग्रिलच्या नळीला ठरावीक जाडीचा भरोसा नसतो. ६०० मिमीपर्यंतच्या ब्रेसला २५.४ × २ मिमी पुरते, त्याचं वजन मीटरला सव्वा किलोच्याही आत. त्यापेक्षा लांब असेल तर ३१.८ × २ मिमी, साधारण दीड किलो. ब्रॅकेट ५ मिमी हॉट रोल्ड प्लेटचे, लेझरवर कापलेले. हातानं चालवायच्या गॅसकटरनं भोकं पाडली तर कडा वितळून कडक होतात आणि तिथूनच चीर सुरू होते. एम१० साठी भोक १०.५ मिमी, अकराच्या वर नाही.

आधी पुठ्ठ्याचा नमुना गाडीवर कापा. मग ब्रॅकेट गाडीला बोल्टनं लावा, मधल्या नळीचा कोन आणि लांबी मोजा, आणि गाडीवरून सगळं उतरवून जाड अँगलच्या चौकटीवर तीच भोकं उतरवा. वेल्डिंग याच चौकटीवर, ब्रॅकेट बोल्टनं घट्ट आवळून करायचं आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडायचं नाही. वेल्ड आक्रसताना ब्रॅकेटला ओढतो. चौकट नसेल तर गाडीवर बसवताना भोकं २ ते ३ मिमी चुकतात, मग कोणीतरी कानस घेऊन ती लांबट करतो आणि सगळी मेहनत वाया. वेल्डिंग मिगवर, ०.८ मिमी ईआर७०एस-६ तारेनं. नळीचा मध्य आणि ब्रॅकेटच्या बोल्टांची रेषा शक्य तितकी एकात एक ठेवा. २० मिमी अंतर पडलं तरी ब्रॅकेट पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखं उघड-मीट करायला लागतं, तिथं तिरपी गसेट (आधाराची त्रिकोणी प्लेट) द्या. नळीची टोकं पूर्ण बंद करा किंवा सगळ्यात खाली ५ मिमीचं भोक ठेवा. अर्धवट बंद नळीत पाणी साचून ती आतून सडते.

गाडीला लागूनच वेल्डिंग करू नका. ईसीयू (इंजिनचा संगणक), एअरबॅगचे सेन्सर, सिलमधला फोम आणि पोटाचं पीव्हीसी कोटिंग यातलं काही ना काही जातं. नवीन गाड्यांचे खांब आणि सिल हॉट स्टॅम्प केलेल्या बोरॉन पोलादाचे असतात. ते वेल्डच्या उष्णतेनं मऊ पडतं, म्हणजे ताठ करायला गेलात आणि अपघातात वाचवणारा भागच कच्चा केलात. या भागांना ड्रिलही लावायचं नाही. फरशीच्या साध्या पत्र्याला भोक पाडावंच लागलं तर पलीकडं इंधनाची किंवा ब्रेकची नळी नाही हे आतून गालिचा उचलून पाहा, मागं ३ मिमीची ५० × ७५ मिमी प्लेट घ्या, भोकाला झिंक प्रायमर आणि वर सीलर. रिव्हनट (रिव्हेटसारख्या दाबून बसवायच्या नटा) एक मिमी पत्र्यात फिरतात, भार येणाऱ्या जागी ते नकोत.

उघडी गाडी

इथं फायदा सगळ्यात स्पष्ट दिसतो. सिलच्या आतल्या कडेनं पुढून मागं जाणाऱ्या दोन रेल आणि मधे एक्स, ही जोडी सर्वांत उपयोगी. रेलला दर २०० ते २५० मिमीवर बोल्ट हवा. दोन टोकांनाच बांधलेली रेल मधे स्वतंत्र डुलत राहते. जॅकिंग पॉइंट झाकले जाणार असतील तर रेलमध्ये तिथं खाच ठेवून घ्या, नाहीतर पंक्चरवाला जॅक रेललाच लावेल.

रोल केजमुळं ताठपणा वाढतो हे खरं. पण हेल्मेट नसलेलं डोकं आणि पोलादी नळी एका केबिनमध्ये ठेवणं रस्त्यावर धोक्याचं आहे, शिवाय पडदा एअरबॅगच्या वाटेत नळी येते. फक्त ट्रॅकची गाडी असेल तर एफआयए या मोटार रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या अपेंडिक्स जे, कलम २५३ प्रमाणं करा: मुख्य कमान ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी सीमलेस नळीची, आणि बोल्टच्या प्रत्येक पायाखाली बॉडीला निदान ३ मिमी जाड, १२० चौरस सेंमीची प्लेट.

सांध्यांचं अखंड वेल्डिंग आणि पोकळ भागात फोम भरणं हेही ट्रॅकपुरतंच. फोम ओतला की पाण्याच्या वाटा बुजतात, आणि गगनबावड्याच्या पावसात फिरणारी गाडी आतून सडायला दोन पावसाळे पुरतात. पुढं कधी त्या भागाला वेल्डिंग लागलं तर फोम पेट घेतो.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाहनातल्या फेरबदलांबद्दल आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ रचनेच्या विरोधात बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्यामुळं रस्त्यावरच्या एमएच ०९ (कोल्हापूर पासिंगच्या) गाडीत फक्त कंपनीच्याच भोकांना लागणारे, काढून मूळ स्थितीत आणता येणारे ब्रेस ठेवा आणि तरीही आधी आरटीओत विचारा. विमा कंपनीला लेखी कळवा, दावा करताना सापडण्यापेक्षा ते बरं. बंपरच्या मागचा आणि पुढच्या दोन रेलच्या टोकांचा भाग दुमडण्यासाठीच बनवलेला असतो. तिथं कोणताही ब्रेस नको.

बसवल्यानंतर

अलाइनमेंट लगेच करून घ्या, सबफ्रेम किंवा स्ट्रटच्या नटा हलल्या असतील तर टाळता येणारच नाही. प्रत्येक बोल्टवर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून रंगाची एक रेघ ओढा. १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर रेघा पाहा, टॉर्क तपासा. तोच बोल्ट पुन्हा ढिला होत असेल तर थ्रेडलॉक लावून विषय मिटवू नका. जोडाच्या मधे रंग किंवा पावडर राहिली आहे, किंवा ब्रॅकेट वाकतंय.

आता डायल गेज पुन्हा लावा, तीच जागा, तीच पद्धत. वाचन दहा टक्क्यांनीही घटलं नसेल तर तो ब्रेस काढून वजन वाचवा. पीळ एका ठिकाणी रोखला की तो पुढच्या कमकुवत जागी जातो, म्हणून ब्रेसच्या टोकांपासून हातभर अंतरातले स्पॉट वेल्ड आणि सीलरला गेलेल्या बारीक भेगा दर सर्व्हिसिंगला टॉर्चनं पाहा. ताठपणा वाढून केबिनमध्ये नवीन घरघर सुरू झाली असेल तर आधी नळी कशाला टेकते का ते शोधा. टेकत नसेल तर यामाहाच्या परफॉर्मन्स डॅम्परसारखा, आत तेलाचा डॅम्पर असलेला बार त्या जागी बघायला हरकत नाही.

पावसाळा संपल्यावर ब्रेस एकदा खोलून त्याच्या मागचा चिखल धुवा. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकत्र लागतात तिथं पांढरी भुकटी दिसली तर घासून झिंक प्रायमर द्या, कडेनं मेण फवारा आणि नव्या नायलॉक नटांनी पुन्हा टॉर्क द्या. काढलेले मूळ बोल्ट, नटा आणि प्लेटा कुठल्या जागेच्या आहेत ते लिहून पिशवीत बांधून ठेवा. गाडी विकताना किंवा पासिंगच्या वेळी तेच लागतात.